दोन खोल्यांचा स्पेक्ट्रोमीटर

एखादी वस्तू एकाच माणसाची असली की तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. ती वापरली जाते, झिजते आणि एक दिवस मोडते. तीच वस्तू दोघांची झाली की तिच्या गोष्टी व्हायला लागतात. आमच्या कॉलेजात खुर्च्या भरपूर होत्या, कपाटं होती, एक भलंमोठं टोलाचं घड्याळ होतं. त्यांचा एकही किस्सा मला आठवत नाही. स्पेक्ट्रोमीटर मात्र एकच होता, आणि तो केमिस्ट्री आणि फिजिक्स अशा दोन डिपार्टमेंटांचा होता. त्यामुळे आम्ही जुने सहकारी कुठेही भेटलो की चहा येईपर्यंत गाडी तिथे पोचतेच.

मी हे नंदुरबारचं सांगतोय, साठ साल उलटल्यानंतरचं. कॉलेज नवं होतं. इमारत म्हणजे पत्र्याची एक लांब बराक; एका टोकाला केमिस्ट्री, दुसऱ्या टोकाला फिजिक्स, मध्ये सगळं कला शाखेचं साम्राज्य. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलेला डेमॉन्स्ट्रेटर. खानदेशात विज्ञान आणायचं, आणि शक्यतो याच वर्षी आणायचं, असं ठरवून आलो होतो.

ज्यांनी स्पेक्ट्रोमीटर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जड लोखंडी बैठक, तिच्यावर एक गोल टेबल, टेबलावर काचेचा लोलक. एका बाजूच्या नळीतून उजेड आत येतो आणि दुसऱ्या बाजूच्या दुर्बिणीतून आपण बघायचं. समोरच्या ज्योतीत मीठ धरलं की काळोखात एक पिवळी रेघ उभी राहते. दुसरा क्षार धरला की लाल, आणखी एखादा धरला की हिरवी. प्रत्येक मूलद्रव्याची आपली स्वतःची रेघ. हे पहिल्यांदा बघणारा माणूस थोडा वेळ गप्प होतो. न झालेला मी अजून पाहिलेला नाही.

आमच्याकडे सायन्सचे वर्ग इंटरपर्यंतच, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांपर्यंतच होते. पुढे शिकायचं तर धुळ्याला किंवा त्याहून लांब जावं लागे. मुलं जात. मुली थांबत. म्हणून बी.एस्सी.चा केमिस्ट्रीचा वर्ग मिळावा असा अर्ज कॉलेजने विद्यापीठाकडे केला होता. नियम असा होता की प्रत्येक विषयाकडे स्वतःचा स्पेक्ट्रोमीटर हवा. आमच्याकडे अर्धा होता.

इंटरच्या वर्गात सुमन पाटील नावाची मुलगी होती. सारंगखेड्याकडच्या एका गुजर शेतकऱ्याची. नंदुरबारला मामाकडे राहून शिकत होती. वर्ग उघडला तर ती शिकणार होती आणि नाही उघडला तर नाही. एवढं सरळ होतं ते.

*

यंत्र आलं त्या दिवसाची गोष्ट आधी. स्टेशनवरून बैलगाडीतून खोका आला आणि तो उघडायच्या आतच भांडण सुरू झालं. केमिस्ट्रीचे बर्वे सर म्हणाले, "आमच्याकडे उतरवा." फिजिक्सचे चौधरी सर म्हणाले, "का म्हणून? प्रकाश फिजिक्सचा विषय आहे."

"आणि ज्योत? ज्योत कुणाची?"

"ज्योत काय, चुलीतही असते. म्हणून यंत्र स्वयंपाकघरात ठेवायचं का?"

मागणीपत्रात नुसतं 'विज्ञान विभाग' लिहिलेलं होतं. शेवटी दोघेही प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य मराठीचे. कविता शिकवायचे. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "ज्योत आणि प्रकाश जिथे भेटतात तिथे ठेवा."

अशी जागा म्हणजे मधला व्हरांडा, असा अर्थ कारकुनाने काढला. पहिले काही दिवस आमचा स्पेक्ट्रोमीटर व्हरांड्यात होता. ज्योत वाऱ्याने विझायची, शेळ्या येऊन लोलकात स्वतःला बघून जायच्या, आणि कला शाखेची मुलं दुर्बीण रस्त्याकडे वळवून कोण येतंय ते बघायची. त्यातल्या एकाला लांबून बर्वे सर येताना दिसले. उलटे दिसले; त्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं. तो म्हणाला, "यंत्र चांगलं आहे. माणूस बरोबर ओळखतं."

*

मग वार वाटून घेतले. बुधवारी आणि शनिवारी केमिस्ट्री, बाकीचे दिवस फिजिक्स. त्या दिवसांत यंत्र व्हरांड्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं. ने-आण करायला सुकलालभाऊ. हा दोन्ही डिपार्टमेंटांचा मिळून एकच शिपाई; तोही अर्धा-अर्धा.

मंगळवारी संध्याकाळी यंत्र निघालं की चौधरी सर दारापर्यंत यायचे. "हळू ने. हादरा बसू देऊ नको. तिथे गेल्यावर लगेच कामाला लावू नका म्हणावं." तिकडे बर्वे सर यंत्र उतरवून घेताना तोंड वाकडं करायचे. "आलं. म्हणजे आता सकाळ सगळी याची पातळी लावण्यात जाणार. तिकडे धडधाकट असतं, आमच्याकडे आलं की आजारी." हलवलं की स्पेक्ट्रोमीटरची पातळी बिघडते हे खरं, ती पुन्हा लावून घ्यावी लागते. पण दोघांचं बोलणं ऐकून वाटायचं की फिजिक्स हे त्याचं माहेर आणि केमिस्ट्री सासर.

एकदा बर्वे सर जास्तच चिडले. म्हणाले, "परत पाठवून द्या. मला नको." चौधरी सरांनी निरोप पाठवला, "दिलेली वस्तू परत घेत नसतो." यंत्र दोन्ही हातांत धरून सुकलालभाऊ व्हरांड्याच्या मध्ये उभा राहिला. मला म्हणाला, "सर, कोनी तिले तरी इचारा, तिले कोठे ऱ्हावानं शे."

*

निरोपावरून आठवलं. खोक्याच्या त्या भांडणापासून बर्वे सर आणि चौधरी सर एकमेकांशी बोलत नसत. जे असेल ते सुकलालभाऊमार्फत. मला या प्रकाराची मनस्वी चीड होती. दोन शिकलेली माणसं, एकाच व्हरांड्यावर, आणि मध्ये दूत.

होळीला सुकलालभाऊ गावी गेला आणि ते काम माझ्याकडे आलं. बर्वे सर म्हणाले, "चौधरींना विचारा, काचेला बोटं लावल्याशिवाय तुमच्या पोरांना दिसतच नाही का?" मी जाऊन विचारलं. चौधरी सर क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "त्यांना सांगा, तुमच्या ॲसिडच्या वाफांनी पितळ हिरवं पडलंय. आधी ते बघा, मग आमची बोटं मोजा." तेही मी जसंच्या तसं सांगितलं. दुपारी दोघेही व्हरांड्यात भांडत उभे होते आणि बराकीतले सगळे वर्ग खिडक्यांत.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "काय बोललात तुम्ही त्यांना?"

"सर, जे सांगितलं होतं तेच."

"तेच?" ते म्हणाले. "सगळं?"

सुकलालभाऊ परत आल्यावर मी त्याला विचारलं, "बर्वे सर असलं काही बोलले तर तू काय सांगायचास?" तो म्हणाला, "मी काय सांगसू? बर्वे सर तब्येत इचारतस. आन् काच पुशी ठेवा, म्हने." मग माझ्याकडे जरा दयेने बघितलं. "सर, तुम्ही मोठा शिकेल शेतस. पन निरोप तुमनं काम नही."

*

पिवळ्या रेघेची भानगड उन्हाळ्यातली.

बर्वे सर दर शनिवारी इंटरच्या मुलांना रेघा दाखवायचे. प्लॅटिनमची बारीक तार ॲसिडात बुडवून स्वच्छ करायची, क्षाराला लावायची आणि ज्योतीत धरायची. लिथियमची लाल रेघ यायची, पण तिच्या शेजारी ठणठणीत पिवळी. स्ट्रॉन्शियम धरला तरी पिवळी. नुसती तार धरली तरी पिवळी. पिवळी म्हणजे सोडियम, म्हणजे मीठ.

"हे चौधरींचं काम," बर्वे सर म्हणाले. "त्यांच्याकडे मिठाशिवाय दुसरं काही ज्योतीत घालत नाहीत. टेबलभर सांडून ठेवतात."

टेबल पुसलं. बर्नर धुतला. मुलांचे हात धुतले. पुढच्या शनिवारी पुन्हा पिवळी. सरांनी खिडक्या बंद करून घेतल्या, कारण वारा फिजिक्सकडून येत होता. पत्र्याखाली, एप्रिलमध्ये. आम्ही सगळे घामाने निथळत होतो.

मुलांना कारण कळलं होतं. मलाही कळलं होतं. तार स्वच्छ केल्यावर ती सरळ करायला सर दोन बोटांत धरून अशी एकदा ओढायचे. त्यांची ती लकब होती, खडूसुद्धा तसाच ओढायचे. बोटांचा घाम तारेला, तार ज्योतीत. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सुमन पुढे आली.

"सर, तुम्ही दुर्बिणीतून बघून आम्हांला सांगता, आणि तारही तुम्हीच धरता. दमता. तार मी धरू का?"

"धर," सर म्हणाले.

तिने तार चिमट्याने धरली, ॲसिडात बुडवली, लिथियमच्या क्षाराला लावली आणि ज्योतीत नेली. सरांनी डोळा लावला.

"गेली," सर म्हणाले. "पिवळी गेली." त्यांनी आळीपाळीने सगळ्यांना दाखवलं. नुसती लाल रेघ, अंधारात एकटी. मग माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "बघितलंत? अखेर चौधरींनी टेबल पुसलेलं दिसतंय."

*

रुमसिंग पावरा अक्राणीच्या डोंगरातून आलेला. त्याच्या गावातून कॉलेजपर्यंत आलेला तोच पहिला. घरी पावरी बोलायचा, गावात आला की अहिराणी, आणि आमच्याशी पुस्तकातलं मराठी, एकेक शब्द ठेवल्यासारखं. फारसं बोलायचा नाही, पण प्रश्न विचारला की मला रात्री आठवायचा.

सुट्टीवरून येताना त्याने पुड्या आणल्या. सागाची राख, मोहाची राख, पळसाची, खैराची. प्रत्येक पुडीवर झाडाचं पान बांधलेलं.

"प्रत्येकाची रेघ वेगळी असते, असं तुम्ही म्हणालात," तो म्हणाला. "मला झाडांच्या रेघा बघायच्या आहेत."

मला इतका आनंद झाला की चौधरी सरांचा दिवस असूनही मी त्यांच्या पाया पडून यंत्र मागून घेतलं. दुपारभर आम्ही राखा जाळल्या. सागाची बघितली, मोहाची बघितली. सगळीकडे तेच. पोटॅशियमची अंधूक रेघ, चुन्याचा लालसर पट्टा, आणि ती पिवळी. मी समजावलं की रेघा मूलद्रव्यांच्या असतात, झाडांच्या नसतात. सगळी झाडं मातीतून साधारण तेच घेतात.

रुमसिंगने चारही पुड्या परत बांधल्या.

"म्हणजे राखेवरून लाकूड ओळखता येत नाही?"

"या यंत्राने तरी नाही."

"सर," तो म्हणाला, "मग आमच्या चुलीतली राख बघून जंगल खात्याच्या रेंजरला कसं कळतं, आम्ही साग जाळला म्हणून?"

*

मिरचीचा मोसम सुरू झाला की नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्या पडतात. नजर जाईल तिथे लाल. वाळत घातलेल्या मिरच्यांतून वारा आला की सगळं गाव शिंकतं, आणि बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं इथे साथ आली आहे. आमची निम्मी मुलं सकाळी पथारीवर मिरची उलथून मग कॉलेजला यायची.

त्यातल्या कुणीतरी एकाने डोळा चोळला आणि मग दुर्बिणीला लावला. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याने लावला. फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं, ओळ लांब होती. एकेक जण वाकायचा, बघायचा आणि डोळ्यांत पाणी घेऊन बाजूला व्हायचा. चौधरी सर कडक. त्यांच्यासमोर कुणी काही बोलेना. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच झोंबतंय.

प्राचार्य फेरीवर होते. त्यांनी दारातून बघितलं तर अख्खा वर्ग रडतोय. मुलं भिंतीला टेकून रडताहेत, खिडकीशी रडताहेत, एक तर सदऱ्याला डोळे पुसतोय.

"चौधरी, काय विचारलंत तुम्ही यांना?"

"कोन मोजायला सांगितलाय, साहेब. नेहमीचा आहे."

"नेहमीचा असता तर मुलं अशी रडली असती? बघू."

प्राचार्यांनी धोतर सावरलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. थोडा वेळ तसेच राहिले, कारण लगेच मागे होणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. मग सरळ उभे राहिले. उजव्या डोळ्यातून धार लागली होती.

"अवघड आहे," ते म्हणाले, आणि माठाकडे निघून गेले.

*

सुमनचे वडील, पुरुषोत्तमभाई, एकदाच कॉलेजात आले. सारंगखेड्याची जत्रा होऊन गेली होती. जत्रेत त्यांनी घोडी घेतली होती. पंचकल्याणी म्हणून घेतली होती. चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा टिळा, अशी घोडी आमच्याकडे शुभ मानतात आणि तिला मागणीही तशीच असते. पण चौथ्या पायाबद्दल भाईंना शंका होती. त्या पायाचे केस कापून त्यांनी रुमालात बांधून आणले होते.

"सर," ते बर्वे सरांना म्हणाले, "मन्ही पोर सांगस, तुमना यंत्रमा वस्तूना आत काय शे ते दखास. दखा मग."

बर्वे सर म्हणाले, "अहो, हे घोड्यांसाठी नाही." पण सुमनने रुमाल घेतला होता. केसांवर पांढरा थर घट्ट बसलेला. गोंदात काहीतरी कालवून लावलेलं असावं, कारण पाण्याने सुटेना. तिने त्यावर ॲसिडचे थेंब टाकले. फसफसलं. ते पाणी तारेवर घेऊन तिने ज्योतीत धरलं आणि आधी स्वतः बघितलं.

"बापू, या. इथे डोळा लावा."

पुरुषोत्तमभाईंनी पागोटं काढून ठेवलं आणि वाकले. तेही गप्प झाले.

"लाल दिसस," मग ते म्हणाले. "आन् हाई हिरवं."

"तो चुना आहे."

"चुना? पायले चुना लायेल शे?" ते डोळा न काढता म्हणाले. "आन् हाई पिवळं काय शे मग?"

"ते मीठ. ते सगळीकडेच असतं. कुणाचा हात लागला, घाम लागला, तरी येतं."

भाई थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते.

"म्हनजे तो व्यापारी बी आठेच शे, हाई पिवळामा."

मी म्हटलं, "भाई, आता घोडी परत करा. हा सरळ फसवणुकीचा पुरावा आहे. मी लिहून देतो."

"कसाले?" ते पागोटं बांधत म्हणाले. "घोडी गुनी शे. चुना काई तिनी नही लाया."

जाताना ते बर्वे सरांजवळ थांबले. मुलगी ऐकतेय हे माहीत असूनही आवाज कमी केला नाही.

"सर, तुमना वर्ग उघडना ते पोर आठेच शिकी. मामानं घर शे, माले चिंता नही. नही उघडना ते धुळाले मी तिले धाडाव नही. शिरपूरकडतीन पोरले लगनसाठे एक जागा येयेल शे. चांगला लोके शेतस. मी त्यासले उन्हाळालगुन थांबाडेल शे."

सुमन तार धूत होती. तिने ती धुतलीच, पुन्हा पुन्हा धुतली.

*

त्या उन्हाळ्याच्या आधी विद्यापीठाची कमिटी आली. मंगळवारी.

कमिटीत तिघे होते, पण वर्ग द्यायचा की नाही हे एकाच्या शब्दावर होतं. वयस्क गृहस्थ, केमिस्ट्रीचे मोठे प्राध्यापक, जाड काचांचा चष्मा. सगळं इंग्रजीत बोलत होते आणि कमी बोलत होते.

आदल्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. बेत असा ठरला: पाहुणे आधी फिजिक्समध्ये स्पेक्ट्रोमीटर बघतील. मग लायब्ररी, मग चहा. चहा चालू असताना यंत्र मागच्या अंगणातून केमिस्ट्रीत जाईल. पाहुणे केमिस्ट्रीत येतील तेव्हा तिथेही स्पेक्ट्रोमीटर असेल.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "सर, हे खोटं आहे. आपण सरळ सांगू या. एकच यंत्र आहे, मुलं इतकी आहेत, त्यावर आम्ही असं असं काम करतो. दुसरं यंत्र द्या. यात लाजण्यासारखं काय आहे?"

प्राचार्य रागावले नाहीत. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मी कमिटीत असतो तर तुमचं ऐकलं असतं. पण त्यांच्या कागदावर नियम आहे आणि नियमात एक म्हणजे शून्य. तुम्ही बरोबर असल्यामुळे त्या मुलीचा वर्ग उघडणार असेल तर सांगा, मी आत्ता बेत बदलतो."

मी खाली बसलो.

"तुम्ही उद्या चहा बघा," ते म्हणाले.

मंगळवारी पाहुणे फिजिक्समध्ये गेले तेव्हा मी दारातच होतो. त्या वयस्क प्राध्यापकांनी स्टूल ओढलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि दुर्बिणीला डोळा लावला. मग दुर्बिणीचा स्क्रू फिरवू लागले. एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा जरासा पुढे. दुसरे दोघे घड्याळ बघत होते. बऱ्याच वेळाने स्क्रू थांबला आणि म्हाताऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच मराठी शब्द आला.

"दोन आहेत. स्वच्छ दोन." पिवळी रेघ नीट बघितली तर जोड असते, ती त्यांना दिसली होती.

ते उठल्यावर प्राचार्यांनी सौजन्य म्हणून डोळा लावला. त्यांना पिवळा धूसर डाग दिसला, कारण यंत्र आता त्या जाड चष्म्याच्या डोळ्यांना लावलेलं होतं. "सुंदर," ते म्हणाले, आणि पाहुण्यांना घाईने लायब्ररीकडे घेऊन गेले.

चहाच्या वेळी अडचण उभी राहिली. सुकलालभाऊ धुतलेली टोपी घालून ट्रे धरून पाहुण्यांसमोर उभा होता. त्याला हलता येत नव्हतं. यंत्र न्यायला माणूसच नव्हता. मी खिडकीतून अंगणात बघितलं. चौधरी सर एका बाजूने आणि बर्वे सर दुसऱ्या बाजूने. मध्ये स्पेक्ट्रोमीटर. दोघेही पन्नाशीपुढचे, दोघांचे कोट वाऱ्यावर. उन्हातून धावत होते.

"हळू," चौधरी सर म्हणत होते.

"धरलंय मी. तुम्ही पाय बघा."

माझ्या ऐकण्यात ते दोघं भांडणाशिवाय एकमेकांशी पहिल्यांदाच सरळ बोलत होते.

केमिस्ट्रीत पाहुणे पोचले तेव्हा ज्योत पेटलेली होती आणि सुमन चिमट्यात तार धरून उभी होती. बर्वे सर कपाळ पुसत होते. चौधरी सर का कोण जाणे तिथेच राहिले होते, कपाटाशी, दम लपवत. प्राचार्यांनी हात पुढे केला. "अँड धिस इज द केमिस्ट्री स्पेक्ट्रोमीटर."

वयस्क प्राध्यापकांनी स्टूल ओढलं. चष्मा काढून खिशात ठेवला. डोळा लावला आणि हात सवयीने स्क्रूकडे गेला.

हात स्क्रूवर थांबला. फिरला नाही. फिरवायची गरजच नव्हती.

सुमनने तार ज्योतीत धरली होती. ती तशीच धरून राहिली. प्राध्यापक बघत होते. खूप वेळ बघत होते. मग डोळा तिथेच ठेवून त्यांनी मराठीत विचारलं, "बाळ, हे यंत्र तुमच्याकडे रोज असतं?"

सुमनने प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. तिने बर्वे सरांकडे बघितलं. मग तिने कुणाकडेच बघितलं नाही.

"नाही, सर. आज ते फिजिक्सचं आहे."

प्राध्यापकांनी डोळा काढला. खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने दोन्ही काचा पुसल्या आणि घातला. प्राचार्यांकडे वळले नाहीत. बर्वे सरांकडेही नाही. स्टुलावरून उठले आणि ते स्टूल सुमनकडे सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "मघाशी मी हे माझ्या डोळ्यांना लावून ठेवलंय. तू तुझ्या डोळ्यांना लावून घे. जूनपासून तुला लागेल."